जांभा, चुना आणि बदललेला पाऊस

जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बासिलिकेचे छायाचित्र कधीच पाहिले नाही असा मराठी वाचक सापडणे कठीण. उघड्या तांबूस दगडाच्या भिंती, समोरचा तीन मजली उंच दर्शनी भाग आणि त्यावरचे काळ्या दगडाचे कोरीव काम. पर्यटनाची पत्रके असोत, दिनदर्शिका असोत की सहलीचे फोटो, सगळीकडे हेच रूप. त्या तांबड्या रंगामुळे वास्तू जुनी वाटते आणि ती पहिल्यापासून अशीच असणार, असे आपण धरून चालतो. तसे नाही. १५९४ ते १६०५ या काळात ही वास्तू उभी राहिली तेव्हा तिच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. पुढची जवळजवळ साडेतीन शतके तो टिकवला गेला आणि जुन्या छायाचित्रांत तो स्पष्ट दिसतो. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज राजवटीनेच तो उतरवला. तेव्हापासून गोव्याचा पाऊस थेट दगडावर पडतो आहे. बदलत्या हवामानात वारसावास्तूंचे काय करायचे, या प्रश्नाची चर्चा बहुधा बुडणारी बेटे आणि वितळणारे हिमनग यांच्याभोवती फिरते. मला मात्र ही एक भिंत अधिक बोलकी वाटते, कारण खरी निवड इथे उघडी पडते. वास्तूचे आज ओळखीचे झालेले रूप जपायचे, की तिला पावसापासून वाचवणारी जी नेमाची देखभाल होती ती जपायची? आपण आजवर रूपाला झुकते माप दिले. पाऊस बदलू लागल्यावर ते परवडणारे नाही. गिलावा, शाकारणी, दरजा भरणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे ही कामे पुन्हा जतनाच्या केंद्रस्थानी आली पाहिजेत, आणि त्यासाठी एखाद्या वास्तूचे ओळखीचे रूप बदलावे लागले तर ते बदलण्याची तयारी हवी, असे माझे म्हणणे आहे.

आधी दगड समजून घेऊ. जांभा हा कोकण-गोव्याचा घरचा दगड. मूळ खडक लाखो वर्षे उष्ण, दमट हवेत आणि धो धो पावसात कुजत गेला, त्यातली विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली, त्यातून तो तयार झाला. खाणीतून काढताना चिरा ओलसर आणि मऊ असतो, साध्या हत्याराने तासता येतो. हवेवर वाळला की कडक होतो. या सोयीमुळे घरे, विहिरी, गडगे, देवळे, चर्च, किल्ले सगळे याच दगडात उभे राहिले. पण चिरा हातभर अंतरावरून पाहिला की त्याचे दुखणे दिसते. लोहाची तांबडी-तपकिरी जाळी आणि त्या जाळीच्या वाकड्यातिकड्या नळ्यांमध्ये बसलेली पिवळट-पांढरी माती, असा तो सगळा भरलेला असतो. पाऊस सतत आपटत राहिला की आधी ही माती धुपते. नळ्या रिकाम्या होतात, दगड मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ दिसू लागतो, मग पोळ्याच्या पातळ भिंती तुटतात, चिऱ्याच्या कडा गोल होतात आणि तळहात फिरवला तर तांबडी पूड हाताला लागते. असा दगड उघडा ठेवायचा नसतो हे कोकणातल्या गवंड्याला कोणी शिकवावे लागले नाही. जोते उंच, पावळी पुढे आलेली, भिंतीला चुन्याचा किंवा मातीचा गिलावा, आणि पावसाची झड ज्या बाजूने येते तिथे विणलेल्या झावळ्यांची झापे बांधायची, ही सगळी या दगडाचा स्वभाव ओळखून लावलेली शिस्त होती. पोर्तुगीज बांधकाम करणाऱ्यांनीही तीच पाळली. भिंती जांभ्याच्या घेतल्या आणि त्या झाकल्या, आणि जिथे नक्षी उघडी ठेवायची होती तिथे काळा बसाल्ट वापरला. बॉम जेझुसच्या दर्शनी भागावरचा बसाल्ट वसईहून आणला असे सांगतात. कोणता दगड उघडा राहू शकतो आणि कोणता नाही, याचा हिशेब त्या एकाच भिंतीवर मांडलेला आहे.

मग गिलावा का काढला? सेंट फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला १९५२ मध्ये चारशे वर्षे होत होती. त्याचे पार्थिव याच वास्तूत आहे, त्यामुळे मोठ्या शवप्रदर्शन सोहळ्याची तयारी चालली होती. त्या निमित्ताने जुन्या गोव्याच्या वास्तूंवर काम करायला बाल्तझार कास्त्रो हे पोर्तुगालचे वास्तुविशारद आले. ते तिथल्या सरकारी स्मारक विभागातले अनुभवी अधिकारी होते. सालाझारच्या राजवटीत या विभागाने पोर्तुगालभर मध्ययुगीन चर्च आणि किल्ल्यांवरचे नंतरचे थर उतरवून आतला दगड उघडा करण्याचा धडाका लावला होता. राष्ट्राचा प्राचीन, कणखर चेहरा दगडात दिसावा, ही त्यामागची दृष्टी. उत्तर पोर्तुगालचा ग्रॅनाइट हे सोसू शकतो. तीच दृष्टी समुद्र ओलांडून आली आणि वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भूमीत, पावसात धुपणाऱ्या दगडाला लावली गेली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पुढे वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आली, १९८६ मध्ये गोव्याची चर्च आणि मठ जागतिक वारसा यादीत गेले. प्रत्येक टप्प्यावर आधीचे उघडे रूप हेच जपण्याचे रूप ठरत गेले. एका राजवटीच्या काही वर्षांतल्या आवडीवर अशी आंतरराष्ट्रीय मोहोर उमटली. २०२० मध्ये बासिलिकेच्या तत्कालीन रेक्टरांनी दगड झिजतो आहे, गिलावा परत करा, अशी जाहीर मागणी केली तेव्हा गोव्यात बरीच चर्चा झाली. मला ती मागणी योग्य वाटते.

इतकी शतके पाऊस सोसून उभ्या राहिलेल्या वास्तू पुढेही राहतील, एवढी घाई कशाला, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. याचे उत्तर बॉम जेझुसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, टेकडीवर उभे आहे. सेंट ऑगस्टीनचे चर्च १६०२ च्या सुमारास पूर्ण झाले. जांभ्याचेच बांधकाम, सेहेचाळीस मीटर उंच मनोरा. १८३० च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांवर बंदी आणली आणि १८३५ मध्ये मठ रिकामा झाला. त्यानंतर चर्चचे छत कोसळायला शंभर वर्षे लागली नाहीत, पन्नासही नाहीत. ते १८४२ मध्ये पडले. सव्वादोनशेहून अधिक वर्षे उभे असलेले छत माणसे निघून गेल्यावर सात वर्षांत खाली आले. मनोऱ्यातली मोठी घंटा उतरवून नेण्यात आली, ती आज पणजीच्या चर्चमध्ये आहे. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. आज पर्यटक पाहतात तो उरलेला अर्धा सुळका. त्या सव्वादोनशे वर्षांत काही पाऊस कमी पडत नव्हता. दर पावसाळ्यानंतर कोणीतरी वर चढून फुटके कौल बदलत होते, भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप उपटत होते, उडालेला गिलावा लिंपत होते. वास्तू शतकानुशतके टिकली असे आपण म्हणतो तेव्हा या कामाचा उल्लेख राहून जातो, कारण त्याचा शिलालेख नसतो.

पडझडीत फक्त दगड जात नाहीत, हेही याच जागेने दाखवले आहे. १६२४ मध्ये इराणच्या शाहने मारलेली जॉर्जियाची राणी केतेवान हिचे काही अवशेष ऑगस्टिनियन साधूंनी गोव्यात आणून या चर्चमध्ये ठेवले, अशी नोंद होती. पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारे उपसून, जुन्या कागदपत्रांतल्या वर्णनाशी खिडक्या आणि थडग्यांच्या जागा ताडून शोध घेतला आणि २००५ मध्ये हाडे मिळाली. हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने डीएनए तपासणी केली, निष्कर्ष त्या नोंदीशी जुळणारे निघाले आणि २०२१ मध्ये भारताने तो अवशेष जॉर्जियाला दिला. पावणेचारशे वर्षांपूर्वीचे एक हाड ढिगाऱ्याखाली ओळखता येईल अशा अवस्थेत राहिले आणि कोणती भिंत कुठे होती हे वाचता आले, म्हणून हे जमले. जमिनीखालचा पुरावा ओलावा आणि कोरडेपणा यांच्या एका ठरावीक लयीत टिकलेला असतो. एकदा उत्खनन करून भिंती उघड्या केल्या की ती लय मोडते. खोदून उघडी ठेवलेली प्रत्येक जागा पुढच्या पावसाच्या हवाली केलेली असते. म्हणूनच जगभरचे पुरातत्त्वज्ञ नोंदी घेऊन झाल्यावर खड्डे पुन्हा भरून टाकण्याचा आग्रह धरतात. पर्यटकांना दाखवायला काही उरत नाही म्हणून आपल्याकडे हे कोणाला रुचत नाही, पण पावसाचा मारा वाढत असताना तो आग्रह अधिकच पटतो.

पाऊस खरोखर वाढतो आहे का? इथे नेमके बोलले पाहिजे, कारण ‘पाऊस वाढला’ हे विधान सरसकट खरे नाही. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९५१ ते २०१५ या काळात देशाचा एकूण मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि ही घट ठळक असलेल्या प्रदेशांत पश्चिम घाटही आहे. त्याच अहवालात मध्य भारतात एका दिवसात दीडशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान सुमारे पंचाहत्तर टक्क्यांनी वाढल्याचेही नोंदले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारतातल्या विस्तृत भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना त्याच काळात तिपटीने वाढल्या, आणि त्यांना बाष्प पुरवण्यात तापलेल्या अरबी समुद्राचा मोठा वाटा आहे. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, हे भौतिकशास्त्राचे साधे गणित यामागे आहे. म्हणजे वर्षाची बेरीज कमी झाली तरी एकेका दिवसाचा मारा वाढतो. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. भिंतीच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिने रिपरिपत पडला तर पन्हळी आणि नाले तो वाहून नेतात. त्यातला मोठा हिस्सा चार दिवसांत कोसळला तर पन्हळी ओसंडतात, पाणी भिंतीच्या माथ्यावरून आत शिरते, आणि मधल्या लांब उघडिपीत कडक ऊन पडले की आत शिरलेले पाणी क्षारांना बरोबर घेऊन पृष्ठभागाकडे परतते. तिथे क्षारांचे स्फटिक बनतात, फुगतात आणि दगडाची कातडी आतून ढकलतात. ओले-सुके होण्याचे असे प्रत्येक आवर्तन थोडा दगड नेते. एखादी अमुक भिंत हवामानबदलामुळेच पडली असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि सांगूही नये. पडझडीचे पहिले कारण बहुतेक वेळा दुर्लक्षच असते. पण दुर्लक्षाची किंमत पूर्वीपेक्षा लवकर वसूल होते, एवढे या आकड्यांतून नक्की निघते.

बदललेल्या हवामानाचा आणखी एक परिणाम क्वचितच बोलला जातो, आणि माझ्या मते तो सर्वांत व्यवहारी आहे. चुन्याचे काम घाई सोसत नाही. शिंपले किंवा चुनखडी भाजून मिळालेला कळीचा चुना पाण्यात विरवायचा, तो मुरू द्यायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा. त्यात हिरड्याचे पाणी, गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पीठ अशी द्रव्ये जागोजागच्या रिवाजाप्रमाणे पडत आली आहेत. भिंतीवर चढल्यावरही तो सिमेंटसारखा काही तासांत आवळत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू शोषून तो पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो, बाहेरून आत, आठवड्यांमागून आठवडे. या काळात त्याला दमटपणा हवा, पण पावसाचा मारा नको. कोकण-गोव्यात यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हक्काचा काळ, आणि ताणून एप्रिलपर्यंत. आता दोन्ही टोकांनी हा अवकाश आकसतो आहे. मे २०२१ च्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. २०२५ मध्ये मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच पोहोचला, आजवरच्या नोंदींत इतका लवकर कधी आला नव्हता. इकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळतो. सरकारी काम मात्र आर्थिक वर्षाप्रमाणे चालते. मंजुरी, निविदा आणि कार्यादेश यांत हिवाळा निघून जातो, आणि मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून काम उरकले जाते. घाईत उरकायचे तर चुना नको, सिमेंट बरे, असे कंत्राटदाराला वाटणे स्वाभाविक आहे. सिमेंट मात्र जांभ्याहून कठीण असते आणि ओलावा बाहेर पडू देत नाही. ओल मग शेजारच्या मऊ दगडातून वाट काढते आणि काही वर्षांत सिमेंटची दरज जागेवर शाबूत, पण भोवतीचा चिरा खंगलेला, असे चित्र दिसते. आपल्या किल्ल्यांच्या तटांवर हे पाहायला फार शोधावे लागत नाही.

आता गंभीर आक्षेपांकडे वळतो. बॉम जेझुसला गिलावा करण्याविरुद्धचा सर्वांत जोरकस मुद्दा भावनेचा आहे. तीन पिढ्यांनी ही वास्तू तांबडीच पाहिली. लग्ने, नोव्हेना, शवप्रदर्शने तिच्या साक्षीने झाली. सत्तर वर्षांचे रूप हाही इतिहासच नव्हे का? आहे, आणि त्याची टिंगल करणारा माणूस वारशाबद्दल बोलायला लायक नाही. पण इतिहासाचे सगळे थर सारखे नसतात. साडेतीनशे वर्षांचा गिलावा आणि सत्तर वर्षांचा उघडेपणा यांत वयाचा फरक आहेच, त्याहून मोठा फरक परिणामांचा आहे. गिलावा उद्या चुकीचा वाटला तर उतरवता येईल. धुपून गेलेला चिरा परत आणता येणार नाही. ज्या तांबड्या रूपावर लोकांचा जीव आहे ते रूपही स्थिर नाही. दर पावसाळ्यात ते थोडे झिजते, आणि चिरे फारच खंगले की नवे बसवावे लागतात. उघडी भिंत जपण्याचा शेवट अशा रीतीने मूळ दगड गमावण्यात होतो. नवा गिलावा खोटा ठरेल, असेही म्हटले जाते. पण गिलावा हा मुळातच अधूनमधून नवा करायचा थर. स्वतः झिजून आतल्याला वाचवणे हेच त्याचे काम. समोरच्या से कॅथेड्रलच्या पांढऱ्या भिंतींना कोणी नकली म्हणत नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांकडून येतो आणि तो अधिक विचार करायला लावतो. संरक्षक थर म्हणून जे जे लावले गेले त्याने अनेकदा घातच केला आहे. अजिंठ्याचे उदाहरण मराठी माणसाला जवळचे. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. सुटू लागलेला रंगथर त्यांनी भिंतीला परत घट्ट बसवला, आणि हे मोठे काम होते. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगणही चढवले. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होते. कालांतराने ते पिवळे पडले, काळवंडले, त्यावर धूळ-काजळी धरली आणि पुढच्या पिढ्यांतले रसायनतज्ज्ञ तो थर उतरवत बसले. तेव्हा गिलावा करा असे म्हणणारेही उद्या चुकीचे ठरले तर? ही शंका मी महत्त्वाची मानतो. पण लाखेचे रोगण, सिमेंट आणि चुना यांना एका रांगेत बसवता येत नाही. रोगण ओलावा कोंडते, सिमेंट दगडाहून कठीण असते, आणि दोन्ही काढताना खालचे सोबत निघते. चुन्याचा थर ओलावा बाहेर सोडतो, दगडाच्या आधी झिजतो आणि खालच्याला फारशी इजा न करता काढता येतो. शिवाय याच दगडावर, याच पावसात त्याची साडेतीनशे वर्षे परीक्षा झालेली आहे. एवढी दीर्घ चाचणी कोणत्याही नव्या रसायनाची झालेली नाही.

याचा अर्थ प्रत्येक प्राचीन पृष्ठभागावर चुना फासावा असा मुळीच नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरची कातळशिल्पे, कशेळीचा प्रचंड हत्ती, गोव्यात कुशावती नदीकाठचे उसगाळीमळ, ही सगळी उघड्या जांभ्यावर कोरलेली आहेत आणि हजारो वर्षे टिकली आहेत. सड्याचा वरचा कातळ हा लोहाने घट्ट झालेला कठीण थर असतो. चिरेखाणीत त्याखालचा मऊ भाग कापून काढला जातो. एकाच दगडाचे दोन स्वभाव, म्हणून जतनाच्या दोन रीती. कातळशिल्पांना धोका आहे तो भोवतीच्या खाणकामाचा, रस्त्यांचा आणि पाण्याचा ओघ बदलण्याचा. सिंधमधल्या मोहेंजोदडोची गोष्ट तिसरीच. तिथल्या भाजलेल्या विटांना क्षार खातात, म्हणून भिंतींवर मातीचा लेप देत राहावे लागते. तो दर पावसात वाहून जातो आणि परत द्यावा लागतो. ऑगस्ट २०२२ च्या अभूतपूर्व पावसात तिथल्या भिंतींची पडझड झाली, कारण कमी पावसाच्या प्रदेशासाठी बेतलेला हा उपाय तेवढा मारा सोसू शकला नाही. माती असो, चुना असो की झावळ्या, साहित्य बदलते. दगड आणि पाऊस दोन्ही ओळखून सतत करत राहायचे काम मात्र सगळीकडे आहे.

महाराष्ट्राला हा विचार आत्ताच करायला हवा. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा आपल्याकडचे, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार थेट समुद्राशी झुंजणारे. सिंधुदुर्गावर चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे शिवाजी महाराजांचे मानून लोक श्रद्धेने पाहतात. ते ठसे ज्या चुन्यात आहेत तसल्याच चुन्याने तटाच्या दरजा एकेकाळी भरल्या होत्या, हे पाहणाऱ्यांच्या मनात येते की नाही कोण जाणे. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ पासूनच्या पाव शतकात वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या २००१ ते २०१९ या काळात त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत सुमारे ५२ टक्क्यांनी अधिक होती. डोंगरी किल्ल्यांवर प्रश्न पाण्याच्या वाटांचा आहे. किल्ला बांधणाऱ्यांनी टाकी, तलाव, तटातली मोरी, कड्यावरून पाणी सोडण्याची जागा यांचे एक पक्के जाळे आखले होते. मोऱ्या बुजल्या की तटाच्या मागे माती पाणी पिऊन फुगते आणि तट बाहेर ढकलते. जुलै २०२४ मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून लोंढे वाहिल्याचे चित्रण सगळ्यांनी पाहिले. यादीत नाव लागल्याचा आनंद रास्तच आहे. पण त्या मागोमाग येणारा पैसा रोषणाई, फरसबंदी आणि प्रवेशद्वाराच्या सुशोभीकरणावर गेला, तर बुजलेली मोरी बुजलेलीच राहील.

तळिये आणि इर्शाळवाडीत दरडींखाली माणसे गाडली गेली असताना दगडांची काळजी कसली, असा प्रश्न विचारणाऱ्याचा राग मला समजतो. माणूस आधी, यात वाद नाही. पण इथे निवड तशी नाही. कड्यावरचे पाणी कुठून उतरते, कोणती माती सरकते, कोणता नाला बुजला हे पाहणारा माणूस किल्ल्यावर वर्षभर असेल तर त्याचा उपयोग पायथ्याच्या वस्तीला आधी होतो. चुन्याचे काम जाणणारे गवंडी, शाकारणी करणारे, तटावरचा झाडोरा काढणारे स्थानिक लोक यांना कायम काम देणे, हा मोठ्या जीर्णोद्धारापेक्षा कमी खर्चाचा आणि गावात पैसा ठेवणारा मार्ग आहे. नवीन तत्त्वज्ञान यासाठी शोधावे लागत नाही. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे तत्कालीन प्रमुख जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये लिहिलेल्या संवर्धन-पुस्तिकेत आणि १९६४ च्या व्हेनिस सनदेत सतत देखभालीला प्रथम स्थान आहेच. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली सुमारे ३,७०० वास्तू आहेत. त्यांच्या देखभालीचे वेळापत्रक आर्थिक वर्षाऐवजी पावसाला बांधायचे, चुन्याच्या कामाची मंजुरी पावसाळ्यातच देऊन ठेवायची आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गवंडी पहाडावर चढलेला असेल असे पाहायचे, हा प्रशासकीय बदल आहे. त्याला कायदा बदलावा लागत नाही.

बॉम जेझुसपुरते बोलायचे तर लगेच सगळी वास्तू झाकण्याची गरज नाही. मागच्या बाजूच्या, पाऊस थेट झोडपणाऱ्या भिंतीचा एक पट्टा निवडावा. त्यावर वेगवेगळ्या मिश्रणांचे चुन्याचे तुकडे लिंपावेत आणि शेजारी तेवढाच भाग उघडा ठेवावा. भिंतीच्या आतला ओलावा, क्षारांचे प्रमाण आणि पृष्ठभाग किती मागे सरकला हे दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर लेझरने मोजावे, आणि ती मोजमापे चर्च, पुरातत्त्व सर्वेक्षण आणि गोव्याचे नागरिक या सगळ्यांसमोर दरवर्षी ठेवावीत. उघडा भाग झिजत नाही असे दिसले तर माझ्यासारख्यांनी आपला आग्रह सोडावा. अशा चाचणीला तीन-चार पावसाळे तरी लागतात. त्यानंतर जागतिक वारसा केंद्राला कळवणे, आराखडा, परवानग्या आणि एवढ्या मोठ्या भिंतींसाठी किमान तीन-चार हिवाळ्यांचे काम. २०२४ चे शवप्रदर्शन झाले, पुढचे दहा वर्षांच्या क्रमाने २०३४ मध्ये अपेक्षित आहे. त्याच्या आत निर्णय अमलात यायचा असेल तर चाचणीचा पहिला तुकडा येत्या नोव्हेंबरातच भिंतीवर चढायला हवा.